बासमतीचा वास गेला कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: लहानपणी दिवाळीत मामांकडे ‘देहरादून’ तांदूळ शिजायचा, तेव्हा वास जिन्यापर्यंत यायचा. परवा एका लग्नात बिर्याणीचा दाणा बोटाच्या पेराएवढा लांब, मोकळा, देखणा होता, पण वास नावाला नव्हता. कॅटरर म्हणाला, एक नंबर बासमती आहे. मग मामांकडे होता तो कोणता? बासमती मूळचा कुठला, आणि तसा तांदूळ आज मिळेल का?

कॅटररने तुम्हाला फसवलेलं नाही आणि तुमची आठवणही खोटी नाही. दोन्ही बासमतीच. तीसहून अधिक वर्षं मी तांदूळ बघण्याचंच काम करतो आहे. मुंबईच्या दाणाबंदरात पोत्यांतून नमुने काढण्यापासून सुरुवात झाली, मग वाशीच्या बाजारात आलो, आणि दर हंगामात करनाल, तरावडी, अमृतसरच्या फेऱ्या सुरू झाल्या. या काळात बासमतीचा दाणा माझ्या डोळ्यांदेखत लांब होत गेला आणि वास विरळ होत गेला. यामागे जात, हवामान, गिरणी आणि आपली गिऱ्हाईक म्हणून असलेली आवड, अशी सगळी कारणं आहेत. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी लग्नातला भात. तो बहुतेक ११२१ जातीचा सेला असणार. सेला म्हणजे उकडा. साळ सडायच्या आधी भिजवायची, तिला वाफ द्यायची, वाळवायची आणि मग गिरणीत घालायची. आपल्या कोकणातला उकडा याच रीतीचा. वाफेने दाण्यातलं स्टार्च आतल्या आत घट्ट बसतं, त्यामुळे गिरणीत तुकडा कमी पडतो, आणि मोठ्या पातेल्यात पाचशे माणसांचा भात दोन तास दमावर राहिला तरी दाणा मोडत नाही. कॅटररला हेच हवं असतं. त्याच्या जागी मी असतो तर मीही सेलाच घेतला असता. पण बासमतीचा वास वाफेबरोबर उडणारा आहे. साळीलाच वाफ दिली की त्यातला बराचसा गिरणीच्या आवारातच सुटून जातो. तुमच्या ताटापर्यंत पोचते ती लांबी.

आता मामांचा तांदूळ. त्या काळी आपल्याकडचे वाणी उत्तरेकडून आलेल्या कुठल्याही चांगल्या लांब, वासाच्या तांदळाला ‘देहरादून’ म्हणत. पोत्यात खरोखर देहरादूनची ‘टाइप ३’ असे, कधी ‘बासमती ३७०’, कधी हरियाणातली तरावडी. तिन्ही जुन्या, उंच वाढणाऱ्या, कमी पिकणाऱ्या जाती. दाणा आजच्या ११२१ पेक्षा आखूड, पण सुगंध असा की पोतं उघडलं की शेजारचा गाळेवाला मान वळवून बघायचा.

नावापासून सांगतो. मराठीत ‘वास येतोय’ म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण संस्कृतात ‘वास’ हा सुगंधही आहे, आणि बासमती म्हणजे वास असलेली. उत्तरेत ‘व’चा ‘ब’ झाला, एवढंच. या नावाचा सर्वात जुना लेखी उल्लेख म्हणून वारिस शाहच्या ‘हीर’ या पंजाबी प्रेमकाव्याकडे बोट दाखवतात, ते १७६६ चं. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी पंजाबच्या श्रोत्याला बासमती म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नव्हतं. त्याचा मुलूखही तोच: हिमालयाच्या पायथ्याचा पट्टा. आजच्या पाकिस्तानातला रावी आणि चिनाबमधला दोआब, जम्मूकडचं रणबीरसिंहपुरा, अमृतसर-गुरदासपूर, करनाल-कुरुक्षेत्र-कैथल, देहरादूनचं खोरं आणि उत्तर प्रदेशाचा पश्चिम भाग. देहरादूनमध्ये अशी आख्यायिका सांगतात की अफगाणिस्तानचा अमीर दोस्त मोहम्मद खान इंग्रजांच्या कैदेत मसुरीला होता, तेव्हा त्याने आपल्याकडचं बी तिथे रुजवलं. गोष्ट म्हणून गोड आहे. पण देहरादूनच्या बासमतीचं मूळ ठरवायला मी ती पुरावा म्हणून वापरणार नाही.

खरी मुळं त्याहून फार खोल आहेत. तांदळाचे इंडिका आणि जपोनिका असे दोन मोठे गट धरतात. दाणा लांब, सडपातळ, म्हणजे बासमती इंडिका गटातला, असं आम्ही शिकलो होतो. १९८७ मध्ये ग्लाझमान या फ्रेंच शास्त्रज्ञाने जगभरच्या तांदळांची एन्झाइमांवरून वर्गवारी केली, तेव्हा बासमती इंडिकात बसेना आणि जपोनिकातही नीट बसेना. त्याचा वेगळाच गट निघाला. पुढे जनुकं वाचता आली तेव्हा कळलं की तो जपोनिकाच्या जास्त जवळचा आहे. २०२० मध्ये बासमती ३३४ आणि इराणचा दोमसुफीद या दोन जातींचं संपूर्ण जनुकीय वाचन झालं. त्यातून दिसलं की पूर्वेकडून आलेला जपोनिका आणि भारतीय उपखंडातला ‘औस’ हा स्थानिक तांदूळ, या दोघांच्या संकरातून हे घराणं तयार झालं. इराणी पुलावातला लांब सुगंधी तांदूळ आणि आपला बासमती चुलतभाऊ निघाले, याचं मला मनापासून नवल वाटलं होतं. तेहरानच्या व्यापाऱ्यांना आपला माल इतका का आवडतो, हे त्या दिवशी जरा उमगलं.

वासाचं रसायन आता चांगलं माहीत आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत रॉन बटरी आणि सहकाऱ्यांनी शिजलेल्या सुगंधी तांदळातला मुख्य रेणू ओळखला: २-ॲसिटिल-१-पायरोलिन. आम्ही बोलताना ‘टू एपी’ म्हणतो. तो किती थोडा लागतो हे ऐका. सुगंधी तांदळात त्यांना तो दहा लाखांत ०.०४ ते ०.०९ भाग सापडला, साध्या तांदळात ०.००६ ते ०.००८. म्हणजे साध्या तांदळातही तो असतोच, फक्त सुमारे दसपटीने कमी. हाच रेणू ताज्या पावाच्या कडेत असतो, मक्याच्या लाह्यांत असतो, आणि आपल्या परसातल्या अन्नपूर्णेच्या पानातही. कोकणात भाताच्या आधणात ते पान टाकतात, ते काही उगाच नाही. थेट तोच सुगंध आहे.

हा वास येतो तो एक जनुक बिघडल्यामुळे. आठव्या गुणसूत्रावर ‘बॅड-२’ नावाचं जनुक आहे. साध्या तांदळात ते नीट काम करतं आणि ज्या कच्च्या मालापासून टू एपी बनला असता तो दुसरीकडे वळवतं. बासमतीत त्या जनुकातली आठ अक्षरं गळालेली आहेत, त्यामुळे ते बंद पडलं आणि कच्चा माल साठून सुगंध तयार होऊ लागला. २००५ मध्ये हे उघड झालं. थायलंडच्या जास्मिन तांदळातही बिघाड हाच, अगदी त्याच आठ अक्षरांचा. कुठल्या तरी शेतात एका झाडात ही चूक झाली, कुणाच्या तरी नाकाला ती आवडली, त्याने त्या लोंबीचं बी वेगळं काढून ठेवलं, आणि ते हातोहात देशोदेशी गेलं. शेतकऱ्याच्या निवडीचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही. आंबेमोहरातही टू एपी आहेच, म्हणून मावळात वाढलेल्या माणसाला बासमतीचा वास कधी परका वाटत नाही.

मग जनुक एकच असताना जास्मिन आणि बासमती इतके वेगळे का? कारण वास हा बासमतीचा एक गुण झाला, सगळे नव्हेत. जास्मिनमध्ये ॲमायलोज हा स्टार्चचा प्रकार सुमारे १५ टक्के, म्हणून भात मऊ आणि दाण्याला दाणा धरून. बासमतीत तो २० ते २५ टक्के, म्हणून मोकळा, पण गार झाल्यावर कडक न होणारा. आणि तिसरा गुण, जो माझ्या मते बासमतीचा प्राण आहे, तो म्हणजे शिजताना लांबीत वाढणं. बहुतेक तांदूळ शिजताना फुगतात, म्हणजे लांबीतही वाढतात आणि जाडीतही. बासमती लांबीतच वाढतो. भिजवलेला दाणा भिंगाखाली धरा. त्यावर आडव्या बारीक चिरा दिसतात. पाणी त्या चिरांतून शिरतं आणि दाणा लांबीच्या दिशेने ताणला जातो. शिजल्यावर त्यावर उसाच्या कांड्यासारखी बारीक पेरं दिसतात. कच्चा दाणा किमान ६.६१ मिलिमीटर, लांबी रुंदीच्या साडेतीन पट, आणि शिजल्यावर किमान १.७ पट वाढ, ही व्यापारातली किमान मोजमापं आहेत.

आता जमिनीवर येऊ, कारण जात हाताशी आहे म्हणून बासमती होत नाही. जुन्या जाती दिवसाच्या लांबीला बांधलेल्या. जुलैत लावा नाहीतर थोडं आधी लावा, दिवस लहान होऊ लागल्याशिवाय त्या फुलोऱ्यात येत नाहीत. सप्टेंबरच्या मध्यानंतर फुलोरा, ऑक्टोबरमध्ये दाणा भरणार. हिमालयाच्या पायथ्याशी तेव्हा रात्री गार व्हायला लागतात. दिवसा पंचविशीच्या आसपास आणि रात्री वीस-एकवीस अंश असं तापमान दाणा भरताना मिळालं, तर वासही टिकतो आणि शिजताना वाढही चांगली होते. उन्हात, उकाड्यात भरलेल्या दाण्यात स्टार्च सैल बसतं, पोटात पांढरा डाग राहतो, आणि वास पातळ होतो. आपल्याकडे कोकणात ऑक्टोबरचा उकाडा आठवा, म्हणजे तिथे बासमतीचं बी पेरून बासमती का होत नाही हे वेगळं सांगायला नको. भात होतो. पीकही येतं. वास मात्र नाही. (केनियात म्वेआ इथे ३७० होतो, तिथे त्याला ‘पिशोरी’ म्हणतात, पण तो विषुववृत्तावरचा उंच, गार मुलूख आहे.)

तरावडीच्या मंडीतली एक सकाळ सांगतो. नोव्हेंबरचं धुकं, करनालच्या पुढे जीटी रोडला लागून असलेलं ते आवार, आणि सिमेंटच्या ओट्यावर साळीचे ढीग. माझ्याबरोबरच्या म्हाताऱ्या आढत्याने ढिगात कोपरापर्यंत हात घातला, आतून मूठभर साळ काढली, दोन तळव्यांमध्ये चोळली, तूस फुंकून टाकलं. राहिलेल्या दाण्यांवर त्याने तोंड उघडून दोनदा गरम श्वास सोडला, मूठ मिटली, तीन-चार सेकंद थांबला, आणि मग नाकाशी नेली. मला म्हणाला, आता तू. मुठीत ऊब साठलेली आणि त्यात ओल्या गवतासारखा, थोडा गोडसर, भाजलेल्या लाहीच्या अंगाने जाणारा वास. शेजारचा ढीग दिसायला त्याहून देखणा, दाणा त्याहून लांब. त्याची मूठ हुंगली तर फक्त तुसाचा वास. दोन्ही ढीग त्या दिवशी जवळपास एकाच भावाने गेले. व्यापारात लांबी पट्टीने मोजता येते, वासाला मोजपट्टी नाही. प्रयोगशाळेत आम्ही दाणे किंवा पानाचे तुकडे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या १.७ टक्के द्रावणात दहा मिनिटं झाकून ठेवतो आणि मग हुंगतो. पण शेवटी तिथेही नाकच.

जुनी जात जाऊन नवी का आली, याचं उत्तर शेतकऱ्याच्या बांधावर आहे. बासमती ३७० ही लाहोरजवळच्या काला शाह काकू इथल्या भात संशोधन केंद्रात सरदार मोहम्मद खान यांनी निवडलेली जात, १९३३ साली प्रसारित झाली. फाळणीनंतर केंद्र पाकिस्तानात राहिलं, जात दोन्हीकडे. माणसाच्या छातीपर्यंत, कधी डोक्यापर्यंत वाढणारं हे पीक, दीडशे ते एकशे साठ दिवस शेत अडवणारं. जरा खत जास्त झालं की लोळलंच. हेक्टरी पंचवीस क्विंटल साळ आली तर शेतकरी खूश. शेजारी साधं बुटकं भात त्याच्या दुप्पट-तिप्पट देतं, त्याला हमीभाव आहे; बासमतीला हमीभाव नाही. मग कुणी का लावावा?

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे पुसाने, यावर खूप वर्षं काम केलं. १९८९ मध्ये पुसा बासमती-१ आली, करनाल लोकल आणि पुसा १५० यांच्या संकरातून. जगातली पहिली बुटकी बासमती. पीक चाळीस-पंचेचाळीस क्विंटलवर गेलं. मग २००३ मध्ये ११२१ आली, आधी पुसा सुगंध-४ या नावाने. २००८ मध्ये तिला बासमती म्हणून मान्यता मिळाली. डॉ. व्ही. पी. सिंग आणि सहकाऱ्यांची ही जात. कच्चा दाणा आठ मिलिमीटरच्या पुढे, शिजल्यावर वीस मिलिमीटरच्या पलीकडे. असा दाणा आधी कुणी पाहिलेला नव्हता. पहिल्यांदा वाशीत नमुना आला तेव्हा मी काट्याने दाणा उचलून पट्टीवर ठेवला आणि पट्टी चुकली असं वाटून दुसरी मागवली. आखाती देशांनी ती उचलून धरली. मग २०१३ मध्ये १५०९ आली, ११५ ते १२० दिवसांत तयार होणारी, पाणी वाचवणारी.

या संशोधकांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पंजाब-हरियाणात बासमती टिकला तो यांच्यामुळे. २०२३-२४ मध्ये देशातून सुमारे ५२ लाख टन बासमती निर्यात झाला. ३७० आणि तरावडीवर हे कधीच झालं नसतं. २०२१ मध्ये आलेल्या १८४७, १८८५ आणि १८८६ या जाती करपा आणि कडा करपा या रोगांना तोंड देतात, म्हणजे फवारण्या कमी. युरोपने एका बुरशीनाशकाची मर्यादा २०१८ पासून इतकी खाली आणली की फवारलेला माल तिथे शिरत नाही, त्यामुळे याचं मोल मोठं आहे.

पण नाकाने सांगायचं तर ११२१ चा वास ३७० किंवा तरावडीच्या वासापेक्षा सौम्य आहे, आणि त्यात १५०९ लवकर लावली की आणखी घटतो. ही जात दिवसाच्या लांबीला बांधलेली नाही. जूनमध्ये लावली तर सप्टेंबरच्या उकाड्यात दाणा भरतो, आणि जातीत असलेला वासही दाण्यात उतरत नाही. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात लावा असा सल्ला संस्था देते तो यासाठीच. शेत लवकर मोकळं हवं म्हणून किंवा मंडीत पहिला भाव मिळावा म्हणून पुष्कळ जण आधी लावतात. त्यांना दोष द्यायला मी धजत नाही. वासाचे पैसे त्यांना कुणी देत नाही.

खुद्द देहरादूनचं काय झालं, हे सांगताना मला वाईट वाटतं. २००० साली उत्तराखंड झालं, देहरादून राजधानी झाली, आणि माजरा वगैरे भागांतली पाटाच्या पाण्यावरची बासमतीची खाचरं वस्त्यांखाली गेली. २०१८ मध्ये सुमारे ४१० हेक्टरवर असलेला देहरादूनी बासमती २०२२ मध्ये १५८ हेक्टरवर आला. एवढ्या जमिनीतून निघणारा तांदूळ मुंबई-पुण्याच्या दुकानांत ‘देहरादून’ म्हणून मांडलेल्या पोत्यांना पुरणारा नाही, हा हिशोब तुम्हीच करा.

नावाच्या भांडणांबद्दल थोडक्यात. १९९७ मध्ये राइसटेक या अमेरिकन कंपनीने बासमतीसारख्या वाणांवर पेटंट मिळवलं. भारताने २००० मध्ये पुरावे मांडून फेरतपासणी मागितली, आणि वीसपैकी पंधरा दावे गळाले. २०१६ मध्ये देशात भौगोलिक मानांकन मिळालं: पंजाब, हरियाणा, दिल्ली, हिमाचल, उत्तराखंड, उत्तर प्रदेशाचा पश्चिम भाग आणि जम्मूकडचे तीन जिल्हे. मध्य प्रदेशालाही त्यात यायचं आहे, ते कोर्टात गेलं. युरोपात भारत आणि पाकिस्तान समोरासमोर आहेत. माझ्या दृष्टीने बासमती दोन्हीकडचा आहे. ज्या मातीत ३७० निवडला गेला ती आता सीमेपलीकडे आहे, हे नाकारून चालणार नाही.

आता तुम्ही काय करायचं ते.

‘जुना’ या शब्दाने सुरुवात करू. नवा तांदूळ चिकट होतो, कारण त्यातलं स्टार्च आणि प्रथिनं अजून सैल असतात. वर्षभर ठेवला की दाणा आतून घट्ट होतो, जास्त पाणी पितो, न फुटता वाढतो, आणि थोडा पिवळसर दिसतो. म्हणून जुना तांदूळ महाग. पण दुकानदार जे सांगत नाहीत ते हे, की वास मात्र साठवणुकीत कमी होत जातो. दाण्याची वाढ आणि वास यांची उत्तम गाठ माझ्या अनुभवात एक ते दीड वर्षाच्या तांदळात पडते. ‘तीन वर्षं जुना’ असं लिहिलेलं असलं तर तो बिर्याणीला घ्या, वासासाठी नको.

पोतं उघडताच भसकन वास आला तर सावध व्हा. खरा बासमती कच्चा असताना मंद असतो आणि शिजताना खुलतो. वरून लावलेला वास उलट वागतो: पिशवीत जोरात, धुतल्यावर निम्मा, ताटात नाहीच. एकदा एका गिरणीकडून आलेल्या मालात मला हे जाणवलं. दोन पाण्यांनी धुतला आणि उरला तो साधा शरबती, म्हणजे बासमती नसलेला लांब तांदूळ. पूर्ण लॉट परत केला. १ ऑगस्ट २०२३ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांत बासमतीला कृत्रिम सुगंध, रंग किंवा पॉलिशची रसायनं लावायला मनाई आहे, त्यामुळे आता तक्रारीला आधार आहे.

घरच्या घरी परीक्षा करायची तर दहा अखंड दाणे निवडा, पट्टीशेजारी टोकाला टोक लावून ओळीत ठेवा आणि लांबी लिहून ठेवा. ३७० असेल तर सुमारे ६९ मिलिमीटर भरेल, ११२१ असेल तर ८० च्या पुढे. ६६ च्या खाली आली तर प्रश्न विचारा. मग ते दाणे अर्धा तास भिजवा, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं शिजवा, आणि पुन्हा ओळीत मांडा. ६९ ची ओळ किमान ११७ च्या पुढे गेली पाहिजे. जाडी मात्र फारशी वाढता कामा नये. दाणे पोटात फुगून टोकांना फुटले, तर पिशवीवर काहीही छापलेलं असो, तो बासमती नव्हे. ज्या घरात मुलं आहेत तिथे ही परीक्षा जरूर करा, त्यांना फार आवडते.

विकत घेताना ‘बासमती द्या’ म्हणू नका, जातीचं नाव विचारा. वास हवा असेल तर ३७०, तरावडी किंवा जम्मूकडचा रणबीर बासमती, आणि तोही कच्चा, म्हणजे सेला किंवा स्टीम (दोन्ही वाफ दिलेले) नसलेला. रणबीरसिंहपुऱ्याच्या बाजूला ३७० अजून होतो. तो नेटाने शोधावा लागतो, पण मिळतो. महाग वाटला तर त्याच जातीचा तुकडा घ्या. तिबार, दुबार, मोगरा ही तुकड्याच्या आकाराची नावं आहेत. जात तीच, म्हणून वासही तोच. साखरभाताला लांब दाणा हवा, पण खिरीला, मुगाच्या खिचडीला ३७० चा मोगरा असला तर मी अखंड दाण्याला हात लावत नाही. आणि तुम्हाला फक्त वासच हवा असेल, लांबी नसली तरी चालेल, तर मुळशीचा आंबेमोहर किंवा आजऱ्याचा घनसाळ आणा. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि तो तांदूळ पिकवणारा माणूस तुमच्यापासून काही तासांच्या अंतरावर आहे. त्याच्याकडून थेट आणलेला तांदूळ मी पाहिलेल्या पुष्कळ महागड्या बासमतींपेक्षा सुगंधी असतो.

शिजवताना कुकर टाळा. शिटीबरोबर पहिला जातो तो वासच. दोन पाण्यांनी हलक्या हाताने धुवा, चोळू नका. अर्धा तास भिजवा, पाणी पूर्ण निथळा. भिजवलेल्या एक वाटी तांदळाला दीड वाटी पाणी, तांदूळ दीड वर्षाच्या पुढचा असेल तर पाव वाटी जास्त. जाड बुडाच्या पातेल्यात पाणी उकळलं की मीठ आणि चमचाभर तूप घाला, मग तांदूळ. एकदाच हलवा. पाणी दाण्यांच्या खाली गेलं आणि वर भोकं दिसू लागली की घट्ट झाकण, मंद आच, आठ मिनिटं. मग गॅस बंद करा आणि आणखी दहा मिनिटं झाकण उघडू नका.